एका बाकड्यावर राजा नि राणी

माझ्या वडिलांचे आमच्याकडे दोनच चांगले फोटो होते. एकात ते राजा, दुसऱ्यात राणी. साधा शर्ट घातलेले बाबा एकाही फोटोत धड आलेले नव्हते. कुठे डोळे मिटलेले, कुठे तोंडात घास, कुठे पाठमोरे. तोंडाला रंग लावल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभं राहायची त्यांना सवयच नव्हती. आणि मुलगी कोण, तर फोटो स्टुडिओवाली. लोक मला हसायचे आणि मला राग यायचा, पण करणार काय?

मालवणच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. लग्नं, बारशी, तोंडवलीच्या किनाऱ्यावर हातात हात घालून फोटोत सूर्य गिळायला निघालेली पर्यटक जोडपी, देवगडच्या आंबेवाल्यांच्या पेट्यांची लेबलं, वाढदिवसांचे फ्लेक्स, हाताला येईल ते मी करते. दोन फोटो एकात मिसळणं तर रोजचंच. दोडामार्गचा एक मुलगा गोव्यात ड्यूटीवर अडकला आणि बहिणीच्या हळदीला पोचला नाही. त्याला मी मागाहून मांडवात उभा केला, अंगावर हळदीचे डागसुद्धा दिले. आता तो स्वतःच चारचौघांत सांगतो, त्या दिवशी किती मजा आली म्हणून. मी मान डोलावते.

बाबा दशावतारात होते. पावसात भातशेती, बाकी काजूची थोडी झाडं, आणि जत्रा सुरू झाल्या की मंडळीच्या पेटाऱ्यामागे गावोगाव. तरुणपणी ते स्त्री-पार्टी करायचे. आमच्याकडे पुरुषच राणी होतात, त्याचं कुणाला नवल नाही. नवल एवढंच, की बाबा राणी झाले की बायका त्यांची नेसायची पद्धत बघायला पुढे सरकून बसायच्या. पुढे कंबर सुटली, आवाज भरदार झाला, आणि राणीचे राजा झाले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. बाकड्यावर बसायचं आणि सुचेल ते बोलायचं. बाबांना इतकं सुचायचं, की समोरचा राक्षस उभ्या उभ्या कंटाळायचा.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. बसला नाही, गेला. ओठ हलतात, वारा येतो, शब्द येत नाही. त्यानंतर बाबा कुठल्याच जत्रेला गेले नाहीत. गावच्या देवळाकडे नाटकाची पेटी वाजायला लागली की ते उठून मागच्या पडवीत जायचे. आईला तेवढे त्यांचे ओठ वाचता येतात. ते बोलतात आणि ती मोठ्याने सांगते, "हे म्हणतत, च्याय गोड झाली," आणि मध्येच स्वतःचंही घुसडते, "आणि म्हणतत, दुपारी न्हाणीघर धुतंय." मग बाबा डोळे वटारतात. घरात हसू यायचं ते एवढंच.

यंदा देवस्थान कमिटीने ठरवलं, की जत्रेला नाटक सुरू व्हायच्या आधी बाबांचा सत्कार करायचा. कमिटीचे अध्यक्ष माझे चुलतकाका. ते सांगायला आले तेव्हा मी माहेरीच होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि ओठ हलवले. आई म्हणाली, "हे म्हणतत, मुको माणूस थंय बसान काय करतलो?"

काका चहा पिऊन बाहेर खळ्यात गेले तशी आई माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. तिने माझं मनगट धरलं. "गो बाय, एकदा हे त्या बाकड्यार बसाक व्हये. लोकांच्या समोर, एकदाच. आवाज गेलो तो गेलो. पण आता माणूसच जावक लागलो आसा. तुका दिसणा नाय, माका दिसता." मला दिसत नव्हतं असं नाही. रोज भात अर्धा टाकून उठणारा माणूस कुणाला दिसत नाही? पण आईने ते तोंडाने म्हटलं आणि मी चहाचं भांडं तसंच टाकून बाबांकडे गेले.

मग आम्ही मायलेकींनी बाबांना सोडलंच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी एक अट घातली. सत्काराचा जो बॅनर लागेल, त्याच्यावर राणीचा फोटो पाहिजे.

खळ्यातून आत आलेले काका ते ऐकून तडकले. "सत्काराच्या बॅनरार साडी? कुडाळसून पावणे येतले, ते इचारतले ही बाय कोण? राजाचो फोटो लावा, मिशीवालो. रुबाब दिसता."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकांनी गाडीची चावी उचलली. आईचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, "दोघांकय लावया. एकाच फोटोत. राजा आणि राणी, बाजूबाजूक."

"दोगय हेच?" काकांनी विचारलं.

"दोगय हेच."

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत मला ती लबाडी दिसली, राक्षसाला शब्दात पकडायच्या आधी यायची तशी. मला इतका आनंद झाला, की जेवायलाही न थांबता मी दोन्ही फोटो घेऊन स्कूटर काढली आणि थेट दुकान गाठलं.

आता कामाची गंमत ऐका. राजाचा फोटो मी स्वतःच काढलेला, रंगीत, लख्ख. बाकड्याच्या एका टोकाला बाबा बसलेत, मुकुट, भुजकीर्ती, उजव्या हातात तलवार. हॅलोजनचा उजेड डावीकडून. राणीचा फोटो काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा, बाबांचं लग्न व्हायच्याही आधीचा. राणी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकलीय, नाकात नथ, आंबाड्यात फुलांचा वळेसर, आणि मान वळवून बघतेय उजवीकडे. तिच्यावर गॅसबत्तीचा उजेड पडलाय, तोही उजवीकडून.

राणी बसणार राजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे फोटोत उजवीकडे. तिला तिथे ठेवली, तर ती राजाकडे पाठ फिरवून बाहेर बघत होती. उजेड एकावर इकडून, दुसऱ्यावर तिकडून. नवरा-बायको भांडून बसल्यासारखी दिसत होती. मी बराच वेळ इकडे सरकव, तिकडे सरकव केलं आणि मग माउसची दोन बटणं दाबून राणीचा फोटो आडवा पलटवला.

काय सांगू! राणीची मान राजाकडे वळली. उजेडही आपोआप डावीकडून आला. एका झटक्यात दोन्ही दुखणी गेली. मी खुर्चीतच उड्या मारल्या. मग राणीच्या कडा मऊ केल्या, तिची सावली राजाच्या पायाशी नेऊन मिळवली, मधल्या बाकड्याचा सांधा जुळेना तर त्याच्यावर सरळ लाल शाल पसरली. झाला फोटो. समोरच्या दुकानातली बाईसुद्धा म्हणाली, "जोडो शोभता हां."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन घरी गेले. बाबांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले आणि राणीकडे बघतच राहिले. त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. ओठ हलले. आईने सांगितलं, "म्हणतत, हीच ती. अगदी हीच." बाबांचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी मनात म्हटलं, जिंकलं.

आणि मग आई पुढे आली. पदराला हात पुसत तिने बघितलं. बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही नव्हे."

"नव्हे म्हंजे?"

"माका म्हायत नाय. पण ही ती नव्हे. आणि नथ खंय घातलंस गो हिका? उजव्या नाकात नथ खंयची बायल घालता? पदर बघ, खंयच्या खांद्यार आसा तो."

शिरा पडो माझ्या अकलेवर. फोटो पलटवला की माणसाची डावी बाजू उजवी होते, हे मी शिकाऊ मुलींना शिकवते. लग्नाच्या अल्बमात नवरीची नथ तीनतीनदा तपासणारी मी, आणि आपल्याच घरच्या राणीची नथ चुकीच्या नाकपुडीत. पण बाबांना कसं कळलं नाही? सगळं तरुणपण स्वतः नथ घातलेला माणूस. मग माझ्या लक्षात आलं. त्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोशिवाय बाबांनी ती राणी कधी समोरून बघितलीच नव्हती. त्यांनी ती बघितली हातातल्या आरशात, रंग लावताना. आरशात नथ त्याच बाजूला दिसते, जिथे मी नेऊन ठेवली होती. त्यांची राणी खरोखर तशीच होती. आईची तशी नव्हती.

ठीक आहे, चूक माझी. मी परत दुकानात गेले आणि हट्टाला पेटले. नथ कापून डाव्या नाकपुडीत बसवली. पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, निऱ्या नव्याने पाडल्या. साडी नेसवायला खऱ्या नवरीला लागत नाही तेवढा वेळ मला त्या साडीला लागला. पण झाल्यावर, देवाशप्पथ, कुणाच्या बापाला ओळखता आलं नसतं.

आईने ते बघितलं आणि मान हलवली. "नाय."

"आता काय ऱ्हवला?"

"ह्योच फोटो लावतलात तर लावा. मी येवचंय नाय."

माझा पारा चढला. आई येणार नाही म्हणजे काय? सत्काराला बाबा उत्तर काय देणार होते, आणि कुणाच्या तोंडून? ती नाही तर बाबांचा आवाज नाही, आणि आवाज नाही तर बाबा बाकड्यावर बसत नाहीत. जिने माझं मनगट धरून हे सगळं मागितलं, तीच आता मोडायला निघाली होती. प्रिंटिंगवाला फोनवर फोन करत होता. मी जवळजवळ ओरडलेच, "आये, तुका नेमका व्हया काय ता सांग तरी."

आई पडवीत वालीचे दाणे सोलत होती. बाबा पलीकडे खांबाला टेकून बसले होते. ती खाली मान घालूनच बोलली.

"तेवा मी मावशेबरोबर जत्रेक इलेली. बायका बसत थंय, पायऱ्यांकडे, गॅसबत्ती होती थंय. राजा राणीक कायतरी इचारी होतो. राणीन राजाकडे बघूचा की नाय? ही राणी मान फिरवून माझ्याकडे बघी. राजान परत इचारला, तरी माझ्याकडेच. सगळी बायका माका ढोसाक लागली. त्याच टायमाक फोटोवाल्यान फोटो काढल्यान." तिने एक शेंग मोडली. "तुझ्या बापाशीन नाटक सोडून माका बघल्यान. एकदाच. आणि तू ती मान धरून राजाकडे फिरवलंस."

इतकी वर्षं तो फोटो आमच्या कपाटात होता, मी तो शंभरदा हातात घेतला असेल. राणी कुणाकडे बघतेय हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते, या वयात. मग त्यांनी हळूच हात वर केला आणि दोन बोटांनी स्वतःची डावी नाकपुडी धरून दाखवली. नथ इथे.

मी हसले, रडले, काय केलं मला आठवत नाही. स्कूटर मात्र मी फार जोरात चालवली.

दुकानात येऊन सगळं मोडलं. दिवसभराची नथ, पदर, निऱ्या, सगळं पुसून टाकलं. राणीचा मूळ फोटो आणला, होता तसा, न पलटवता. बाकड्याचा सांधा आता कसा लपवायचा म्हणून मी लाल शाल काढून टाकली आणि मोठं करून बघायला लागले. राजाच्या फोटोत बाकड्याच्या पुढच्या फळीला मधोमध एक खपली उडालेली होती. आणि राणीच्या फोटोत, अगदी कडेला, सावलीत, तीच खपली.

माझा विश्वास बसेना. मी अजून मोठं केलं. तीच. आमच्या देवळातला बाकडा. त्याच्यावर कापड टाकलं की सिंहासन होतं, काढलं की कमिटी मीटिंगला बसते. राणीला टेकायला तोच, आणि इतक्या वर्षांनी राजाला बसायलाही तोच. मी राणीचा फोटो अर्धा पारदर्शक केला आणि हळूहळू सरकवत नेला, खपलीवर खपली येईपर्यंत. आली. फळीच्या रेषा पुढे आपोआप जुळल्या. मी इतका वेळ जो सांधा शालीखाली लपवला होता, तो सांधा नव्हताच. फोटो पलटवून मीच तो तोडला होता. दुकानात एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी बसलं होतं, त्याला मी म्हटलं, "दादा, तुमी उद्या येवा."

उजेडाचंही मग सोपं झालं. जत्रेत दोन्ही टोकांना दिवे असतातच; राजावर डावीकडून, राणीवर उजवीकडून. राणीला मी रंग दिला नाही. राजा रंगीत ठेवला, आणि बाकड्याच्या मधल्या खपलीपासून रंग थोडा थोडा उतरवत नेला, तो राणीपाशी पूर्ण काळा-पांढरा. राणीची मान बाहेर वळलेली ती वळलेलीच. राजा आपला मिशीला पीळ देऊन समोर बघतोय, त्याला कशाचा पत्ताच नाही.

आईने तो फोटो बघितला. माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती चुलीकडे गेली. नंतर तिने मला दोनदा वाढलं.

काकांना मात्र पसंत नव्हता. बॅनर लावताना शिडीखाली उभे राहून म्हणाले, "राणी रुसलीहा काय गो? राजाकडे बघणा नाय ती."

"बघूचा थंयच बघता ती," मी म्हटलं. "काका, एक काम करा. आयेची खुर्ची पावण्यांच्या रांगेत नको. थंय पायऱ्यांकडे लावा, त्या टोकाक."

"थंय कोण बसता? कोपऱ्यात?"

"आमची आये बसता."

संध्याकाळी देवळासमोर माणसंच माणसं. खाज्याच्या दुकानांचा वास, पेटीवाला सूर लावत होता. बाबा साध्या पांढऱ्या शर्टात आले. त्यांनी परत पाठ फिरवली तर? बाकड्यापाशी येऊन ते थांबले. त्याला हात लावून नमस्कार केला, आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांची पाठ ताठ झाली. मागे बॅनरवर तोच बाकडा, त्याच्यावर राजा आणि राणी. कुणीतरी पोरगी आपल्या आईला विचारत होती, राणी कोण म्हणून, आणि तिची आई बोट दाखवून सांगत होती, "ते बघ, बसलेहत ते."

शाल झाली, श्रीफळ झालं, काकांचं लांबलचक भाषण झालं. मग उत्तराची वेळ आली. दोघांनी घरी ठरवलं होतं काय बोलायचं ते: कमिटीचे आभार, देवाचे आभार, नव्या पोरांना आशीर्वाद. आई माईक घेऊन तिच्या खुर्चीपाशी उभी राहिली. बाबांनी समोर लोकांकडे बघितलं. मग मान वळवली आणि त्या टोकाला, तिच्याकडे बघितलं. मागची राणी बघत होती त्याच बाजूला.

मी खटकन फोटो काढला. साध्या शर्टातले बाबा, डोळे उघडे, तोंडात घास नाही.

त्यांचे ओठ हलले. थोडंसंच, दोन-तीन शब्द असतील. आईने ओठ वाचले आणि माईक खाली घेतला. काका पुढे सरसावले. "वयनी, काय म्हणतत ते? सांगा लोकांक."

आईने माईक तोंडाशी नेला.

"ह्या माका सांगलेला आसा," ती म्हणाली. "तुमचा काय ता मगे सांगतले."